लोकांना शिस्त नाही!

दसरा होऊन गेला, दिवाळी तोंडावर आली आणि आमच्या सोसायटीची सभा भरली. सभेपुढे विषय तीनच होते: गच्चीची गळती, दिवाळीची रोषणाई आणि कचरा. गळतीवर दहा मिनिटे चर्चा झाली, रोषणाईवर पाच. कचऱ्यावर मात्र तब्बल पावणेदोन तास! स्वतःच्या घरातल्या पैशाविषयी बोलताना आपली माणसे संकोचतात. पण दुसऱ्याच्या घरातल्या घाणीविषयी बोलू लागली म्हणजे त्यांच्या जिभेवर साक्षात सरस्वती नाचू लागते.

वक्ते निरनिराळे होते, पण प्रत्येकाच्या भाषणाचा शेवट एकच होता. निवृत्त बँक अधिकारी बोलले आणि अखेरीस म्हणाले, "काय आहे, आपल्या लोकांना शिस्तच नाही." तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई बोलल्या आणि म्हणाल्या, "लोकांना शिस्तच नाही हो!" नुकताच सिंगापूरला जाऊन आलेला एक तरुण बोलला, त्याने तर शिस्तीबरोबर सिंगापूरच्या फुटपाथचेही वर्णन केले. मी बोटांवर मोजत होतो. दोन्ही हातांची बोटे संपली तेव्हा मोजणे सोडून दिले.

मग मनात आले, हे 'लोक' म्हणजे आहेत तरी कोण? सभेला चाळीस माणसे होती. त्यांतला एकही स्वतःला 'लोक' समजत नव्हता. मग चाळीस घरांतून रोज सकाळी भाजीच्या देठांत कालवलेले कागद, वरणात भिजलेले पुठ्ठे आणि उष्ट्यात बुडालेल्या बाटल्या खाली येतात, त्या काय वेताळ आणून टाकतो?

सभेपुढचा खरा ठराव पुढेच होता. आमच्या इमारतीचा कचरा गेली अनेक वर्षे एक मावशी नेतात. ओला वेगळा, सुका वेगळा द्या, एवढेच त्यांचे मागणे. ठराव असा होता, की मावशींना दिवाळीची ओवाळणी देऊन निरोप द्यावा आणि एका कंत्राटदाराची गाडी लावावी. त्या गाडीत सगळे एकत्र टाकता येते. निवडण्याची कटकट नाही. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांनी कारणही दिले होते: "लोक काही सुधारायचे नाहीत. मग निदान आपला त्रास तरी वाचवू."

वाचकहो, या एका वाक्याशी माझे भांडण आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर भांडण वाढणे शिष्टसंमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण चकली तिखट चालते, तर लेख का चालू नये?

आधी माझ्या बालपणाकडे चला. ते गिरगावातल्या एका चाळीत गेले. साठ-बासष्टचा सुमार. पहाटे अंधारात आम्ही मुले आरे दूध केंद्रावर रांगेत उभे राहात असू. हातात तारेच्या पिंजऱ्यात रिकाम्या बाटल्या. जाड काचेची बाटली, वर पातळ चकचकीत पत्र्याचे झाकण. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. एकदा माझ्या हातून जिन्यात बाटली फुटली. त्या दिवशी दूध तर गेलेच, पण आईने पाठीत जो धपाटा घातला तो दुधासाठी नव्हता, बाटलीसाठी होता! "दूध आज गेलं, उद्या येईल. बाटली कुठून आणू?" असे ती म्हणाली होती.

रद्दीचेही तेच. महिन्याची रद्दी आई स्वतः बांधी, रद्दीवाल्याच्या तागडीकडे डोळे वटारून पाही, आणि येणारे पैसे हिंगाच्या डबीत ठेवी. त्या पैशांचा हिशेब वडिलांनी कधी विचारला नाही आणि तिने कधी दिला नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण येई. एका पातेल्यासाठी दोन लुगडी द्यायची की तीन, यावर चाळीच्या दारात अर्धा तास वाटाघाटी चालत. कल्हईवाला येई, छत्री दुरुस्त करणारा येई, सोड्याच्या बाटल्या दुकानात परत जात. आठवड्याला आमच्या बिऱ्हाडातून बाहेर पडणारा कचरा एका सुपात मावला असता.

आता इथे नेहमीचा लेखक उसासा टाकतो आणि म्हणतो, "काय ती माणसे! काय ती साधी राहणी! काय ती शिस्त!" क्षमा करा, मला तो उसासा टाकता येत नाही, कारण त्या चाळीत मी राहिलो आहे. बाटली जिवापाड जपणारी तीच माणसे केळीच्या साली गॅलरीतून खाली भिरकावीत. जिन्याचा प्रत्येक कोपरा पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला असे. खालच्या गल्लीतून जाणाऱ्याने वर पाहूनच पाऊल टाकावे, अशी स्थिती होती. मग त्यांना शिस्त होती की नव्हती?

उत्तर अगदी सोपे आहे. ज्या वस्तूला परतीची किंमत होती ती वस्तू परत जाई. जिला किंमत नव्हती ती गॅलरीतून जाई. माणसे तीच, घर तेच, हातही तोच. माझ्या आईने 'पर्यावरण' हा शब्द जन्मात उच्चारला नाही. तिला काचेची कणव नव्हती. तिला हिंगाच्या डबीतले पैसे ठाऊक होते. आमची काटकसर आमच्या थोर स्वभावातून आली नव्हती. वस्तू परत जाण्याची वाट कोणीतरी बांधून ठेवली होती, आणि त्या वाटेवर चार पैसे ठेवले होते.

ती वाट पुढे मोडली. दूध पिशवीत आले, थंड पेये प्लॅस्टिकच्या बाटलीत आली. पूर्वी शीतपेयाचा ट्रक भरलेल्या बाटल्यांचे खोके उतरवी आणि रिकाम्या बाटल्यांचे खोके चढवी. परतीचा खर्च कारखान्याचा असे. आता ट्रक रिकामा परत जातो. परतीचा खर्च कोणी उचलला? महापालिकेने, म्हणजे तुम्ही-आम्ही. आणि पाठीवर पोते घेऊन फिरणाऱ्या बाईने. एवढी मोठी उलथापालथ झाली, आणि तिचे नाव काय पडले? 'लोकांना शिस्त नाही'!

सरकारनेही काही केले नाही असे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गटारे तुंबली, आणि पातळ पिशव्यांवर खापर फुटले. २००६ साली अविघटनशील कचऱ्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद! १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदा वापरून फेकायच्या कित्येक वस्तू देशभर बंद केल्या. २०१८ च्या त्या जूनमध्ये मी मंडईत गेलो तेव्हा जो तो कापडी पिशवी घेऊन आलेला. वाटले, क्रांती झाली! गणपती येईपर्यंत पातळ पिशव्या टोपलीखालून हळूच डोकावू लागल्या होत्या आणि दिवाळीला त्या टोपलीवर येऊन बसल्या होत्या.

दंडाचा धाक शिपाई दिसेपर्यंत टिकतो. आणि शिपाई कोणाला गाठतो? जिच्या टोपलीत शंभर रुपयांची मेथी आहे तिला. पिशवी करणारा कारखाना गल्लीत मेथी विकायला बसत नाही.

त्याच २०१८ च्या बंदीत एक फार शहाणी तरतूद होती. दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापावी, ती निदान ५० पैसे असावी आणि रिकामी पिशवी आणून देणाऱ्याला ती मिळावी. आईच्या हिंगाच्या डबीची आठवण होऊन मला भरून आले होते! मी महिनाभर पिशव्या धुऊन, वाळवून, दोऱ्यात ओवून ठेवल्या आणि दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने पिशव्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि अत्यंत सहानुभूतीने म्हणाला, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" ते ५० पैसे माझ्या हातात आजतागायत पडलेले नाहीत. कैदेची तरतूद सर्वांच्या ध्यानात राहिली. ५० पैशांची कोणाच्या राहिली नाही. आणि माझी पैज आहे, कैदेने जे झाले नाही ते ५० पैशांनी झाले असते.

"हे सगळे कागदावर ठीक, आपल्या देशात चालणार नाही," असे कोणी म्हणेल. तर मग निलगिरीला चला. तमिळनाडूतल्या त्या डोंगराळ जिल्ह्यात दारूच्या फुटक्या बाटल्या जंगलात पडत आणि वन्य प्राण्यांच्या पायांत काचा जात. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२२ साली तिथे सरकारी दारूच्या दुकानांत प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जादा घ्यायचे आणि रिकामी बाटली आणली की ते परत द्यायचे, अशी पद्धत सुरू झाली. दहांतल्या नऊंहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या! वाचकहो, शिस्तीचे धडे आता कोणाकडून घ्यायचे? मद्यप्यांकडून! ज्या माणसाला घरी जाण्याची वाट सापडत नाही, त्याला बाटली परत देण्याचे दुकान बरोबर सापडते. सभेत हे उदाहरण मी दिले तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या. ठराव मांडणारे गृहस्थ हसले नाहीत.

सिंगापूरच्या तरुणाने मग जर्मनीचे नाव काढले. जर्मन माणूस रक्तातच शिस्तीचा, असे त्याचे मत. असेल बुवा! पण त्या शिस्तीच्या माहेरघरीही २००३ साली पेयांच्या डब्यांवर आणि एकदाच वापरायच्या बाटल्यांवर सक्तीची अनामत बसवावी लागली. आज ती २५ सेंट आहे, आणि शंभरातल्या सुमारे अठ्ठ्याण्णव बाटल्या परत येतात. रक्तातली शिस्त पुरेशी असती, तर २५ सेंट मोजायची वेळ का आली असती? आणि इतक्या दूर तरी कशाला? आपल्या शेजारच्या गोवा सरकारने २०२४ साली अनामत आणि परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. गोव्याला जे सुचते ते महाराष्ट्राला सुचू नये, असे काही आपल्या कुंडलीत लिहिलेले नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला तात्त्विक. "म्हणजे माणूस पैशासाठीच चांगला वागणार? संस्कार काहीच नाहीत?" आहेत ना! पण संस्कार म्हणजे रोज केलेली गोष्ट. रोज करायला वाट हवी. वाट नसताना केलेल्या उपदेशाला संस्कार म्हणत नाहीत. त्याला भाषण म्हणतात. उपदेशाला खर्च येत नाही, म्हणूनच तो इतका मुबलक मिळतो. दुसरा आक्षेप दयेचा. "गरिबावर बोजा पडेल." बोजा कसला? बाटली परत करील त्याला पैसे परत. जो श्रीमंत आळसाने बाटली फेकील त्याचे पैसे ती उचलणाऱ्याला मिळतील. आजही ती बाटली कोणीतरी उचलतेच. फक्त आज तिला भंगाराचा भाव मिळतो आणि वर तुच्छतेची नजर.

त्या उचलणाऱ्या हातांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून हा विषय संपत नाही. नोकरीच्या निमित्ताने मी मुंबई सोडून पुण्यात आलो, आणि पुण्याने मला कचऱ्याविषयी जे शिकवले ते कोणत्याही ग्रंथात नव्हते. इथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. रस्त्यावरच्या कचरापेटीत वाकून भाकरी शोधणाऱ्या बायांनी आपली संघटना केली आणि ओळखपत्रे मिळवली. २००८ साली महापालिकेशी करार होऊन 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. घरटी थोडे शुल्क आणि विकता येईल त्या सुक्या मालाचे पैसे, ही त्यांची कमाई. म्हणजे माझ्या लहानपणाची ती मोडलेली वाट या बायांनी आपल्या पाठीवर पुन्हा बांधली.

एकदा मी आमच्या मावशींना विचारले, "सगळ्यात जड काय असतं हो?" मला वाटले होते, नारळाची करवंटी म्हणतील, मातीच्या कुंड्या म्हणतील. मावशी म्हणाल्या, "काका, घाण जड नसती. कालवलेलं जड असतंय. वेगळं दिलं तर तो माल, कालवून दिलं की झाली घाण." अर्थशास्त्राचे एवढे स्वच्छ वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही. धुतलेली दुधाची पिशवी, बाटली, पुठ्ठा यांना त्यांच्याकडे भाव आहे. वेफर्सचे चमचमते पाकीट मात्र त्या बाजूला सारतात. त्याला कोणी विचारत नाही. मंत्र तोच: किंमत आहे ते ढिगातून बाहेर पडते, किंमत नाही ते ढिगातच राहते.

आणि ढीग कुठे जातो? वर्षानुवर्षे पुण्याच्या कचऱ्याचा पत्ता उरुळी देवाची आणि फुरसुंगी हा होता. तिथल्या गावकऱ्यांच्या विहिरी नासल्या, हवा नासली, त्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. तेव्हा शहरात चार दिवस कचरा साचला की आम्ही म्हणत होतो, "काय हे गावकरी! लोकांना शिस्तच नाही!"

आता मला एक कबुली द्यायची आहे. सभेत मी ती दिली नाही. तेवढे धैर्य झाले नाही. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी मावशींच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. चिंधीतून रक्त आले होते. "काय झालं?" म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "ब्लेड होतं कुणाचं तरी. कागदात गुंडाळलेलं नव्हतं." मी "अरेरे" म्हणालो आणि घरात आलो. रविवारी सकाळी मी दाढीचे ब्लेड बदलले होते. जुने कुठे टाकले ते मला आठवत होते. चाळीस घरांतल्या कोणाचेही असू शकेल, असे मी मनाला समजावले. पण ते माझेच होते. त्या दिवसापासून ब्लेड कागदात गुंडाळून, वर खूण करून मी वेगळे देतो. कोणत्या कायद्याने मला हे शिकवले? कोणत्या दंडाने? मी ते बोट पाहिले म्हणून शिकलो.

कंत्राटदाराच्या गाडीला माझा विरोध आहे तो याचसाठी. गाडी येईल, पोट उघडील, सगळे गिळील आणि निघून जाईल. गाडीचे बोट कापत नाही. आपण टाकले त्याचे पुढे काय झाले, हे आपल्याला कधी कळणारच नाही. आणि न कळण्याच्या या सोयीला आपण प्रगती म्हणू. घरातच वर्गीकरण करा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले होते. ते टाळण्यासाठी जी सोसायटी पैसे मोजायला तयार आहे, तिने शिस्तीविषयी बोलावे?

म्हणून मी सभेत उपसूचना मांडली. प्रत्येक बिऱ्हाडाने दरमहा १०० रुपये अनामत जादा द्यावी. ज्याचा कचरा महिनाभर नीट वेगळा आला, त्याला महिनाअखेर ती परत मिळावी. ज्याचा कालवलेला आला, त्याचे १०० रुपये मावशींना. ते निवडायचा त्रास त्यांनाच होतो. बँक अधिकाऱ्यांनी मान डोलावली. हिशेब त्यांना पटला. मग कोणीतरी विचारले, "पण नीट आहे की नाही, हे ठरवणार कोण?"

मी म्हणालो, "मावशी."

सभागृहात अशी शांतता पसरली, की खाली फाटकाशी कुत्रे भुंकत होते ते ऐकू आले. मग मागून आवाज आला, "म्हणजे आता कचरावाली आम्हाला मार्क देणार?"

वाचकहो, त्या एका प्रश्नात सारे बाहेर आले. शिस्त हवी होती. पण ती आपण दुसऱ्याला लावायची. आपल्याला कोणी लावायची नाही, आणि तीही खालच्या पायरीवरच्या बाईने तर मुळीच नाही. मी एवढेच म्हणालो, "परीक्षेत मार्क कोण देतो? ज्याला विषय कळतो तो. आपल्या चाळीस जणांत हा विषय कळणारे दुसरे कोणी असेल तर मी माझी सूचना मागे घेतो." कोणी उठले नाही. पण हातही वर झाले नाहीत. चिटणिसांनी घड्याळ पाहिले आणि दोन्ही ठराव दिवाळीनंतरच्या सभेवर ढकलले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ती सभा व्हायची असेल. आमच्या जिन्याखाली भेटींची रिकामी खोकी, ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे पुठ्ठे, फुग्याफुग्यांचे प्लॅस्टिक आणि चार घरे फिरून आलेल्या सोनपापडीचे डबे छातीएवढे साचलेले असतील. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मावशी तो ढीग उपसायला बसतील. त्यांनी सुट्टी घेतली तर दोन दिवसांत आम्हाला आमचीच ओळख पटेल.

तुमच्याही इमारतीत असा ढीग असेल, अशी सभा असेल आणि तिथे एक गृहस्थ उठून "लोकांना शिस्त नाही" म्हणतील. त्यांना थांबवू नका, पुरते बोलू द्या. बोलून झाले की शांतपणे विचारा, "साहेब, तुमचा डबा वेगळा येतो का?" उत्तराची वाट पाहा. आणि पाहता पाहता स्वतःचाही डबा एकदा उघडून बघा. मी बघितला आहे.

सभेला मी जाणार आहे. उपसूचना पुन्हा मांडणार आहे. पडली तर पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा मांडीन; आणि या वेळी, मांडण्याआधी, त्या ब्लेडाची गोष्टही सांगणार आहे.